‘माशर्ल लॉ’ कसा दुरुस्त झाला

नवी पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी कॉलेजच्या दिवसांत संध्याकाळी काम करायचो. एका डिसेंबरात एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या पेन ड्राइव्हवर एका वेबसाइटचं खूप जुनं पान सेव्ह केलेलं होतं. विषय होता १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ.

“हे वर्डमध्ये करून दे. थोडं दुरुस्त करायचंय, थोडं वाढवायचंय. १२ जानेवारीला मुलांना वाटणार आहे.”

१२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. तारीख चुकवून चालणार नव्हतं.

काम पाच मिनिटांत झालं. पान निवडलं, कॉपी केलं, वर्डमध्ये पेस्ट केलं. मथळे, परिच्छेद, सगळं जागच्या जागी. फाइल व्हॉट्सॅपवर पाठवली. रात्री सरांचा फोन आला, “अरे, माझ्याकडे सगळं इंग्रजीच दिसतंय!”

दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो जुना फॉन्ट होता, सरांच्या फोनवर नव्हता. पण खरी गोष्ट अशी की त्या पानावर मराठी कधी नव्हतीच, फक्त मराठीचे आकार होते.

नव्वदच्या दशकात फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द आत ई-जे-के-बी-एच असा साठवलेला असतो. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. मराठी वेबसाइटवर ‘आधी आमचा फॉन्ट डाउनलोड करा’ अशी सूचना असायची, ती यामुळेच. खरं तर १९९१ मध्येच भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरलं होतं, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्टही आला. पण छापखान्यांची आणि दुकानांची सवय सुटायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशी मी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. तर मथळ्यात ‘माशर्ल लॉ’! जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये ‘र्’ अक्षराच्या आधी लागतो. पहिल्या वेलांटीचं उलट: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराआधी, युनिकोडमध्ये नंतर. कन्व्हर्टरला ही अदलाबदल जिथे जमली नाही, तिथे शब्द मोडले. शिंद्यांच्या आडनावातली वेलांटी ‘श’ला सोडून सुटी लटकत होती.

मग सर मूळ पान मोठ्यानं वाचत बसले आणि मी एकेक शब्द तपासत गेलो. दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी त्यांनी विचारलं, “आता हे गुगलवर शोधलं तर सापडेल?”

फाइलमध्ये मी ‘शिंदे’ शोधून दाखवलं. लगेच सापडलं. मूळ पानावर हाच शब्द शोधला, तर काहीच नाही. म्हणजे इतकी वर्षं ते पान नेटवर असूनही मराठीत शोधणाऱ्या कुणाला मिळालंच नसणार. अशी किती पानं तशीच बंद झाली असतील?

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आजोबांची एखादी जुनी फाइल असेल, तर एकदा उघडून त्यातला एक शब्द फोनवर पेस्ट करून बघा. इंग्रजी अक्षरं दिसली, तर तो फॉन्ट डिलीट करू नका. कन्व्हर्टर चुकला, तर तपासायला तेवढंच हाताशी असतं.