पाण्याखाली जाणारं घर कसं उतरवतात?

घर बदलायचं म्हटलं की आपण काय करतो? खोकी आणतो, टेम्पो ठरवतो, गॅसचा पत्ता बदलतो. पण आपल्याच भागात हजारो कुटुंबांनी सामान बांधलं ते मागून पाणी चढणार होतं म्हणून. आजचा एपिसोड त्यांच्यावर.

चंदगडवाल्यांना धरण काही नवीन नाही. फाटकवाडीला घटप्रभेवर धरण आहे, जंगमहट्टीला आहे, घाटमाथ्यावर तिलारीचं पाणी आहे. घाट उतरून दोडामार्गात गेलं की महाराष्ट्र आणि गोव्याचं मिळून बांधलेलं तिलारी धरण. तिथली गावं उठली, नव्या वसाहतींत गेली.

अशा वेळी कौलारू घर नुसतं रिकामं करत नाहीत, उतरवतात. आधी कौलं, मग रिपा, वासे, तुळया, शेवटी दारांच्या चौकटी. लाकूड नव्या जागी परत लागतं. धान्य, भांडी, देव, जनावरंही नेता येतात. पण विहीर? फणसाचं झाड? खळं? गावदेवीची जागा? ते मागेच राहतं. त्याचं मोल मग फक्त कागदावर उरतं. म्हणजे खरी तयारी सामानाची नसते, कागदाची असते. इतिहास हेच सांगतो.

१९२१ साल. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते. जमीन जात होती १८९४च्या भूसंपादन कायद्यानं. त्यात मोबदला रोख. आता बघा, बऱ्याच जमिनी सावकारांकडे अडकलेल्या. त्यामुळे पैसा सावकाराला आणि घर सोडायचं मावळ्यानं! नांगर ज्याच्या हातात त्याचं नाव कागदावर नसेल, तर भरपाई त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पुढे कोयना. १९६०च्या दशकात शिवसागर भरला. माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. धरणग्रस्तांच्या चळवळीनं 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी लावून धरली आणि १९७६मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. कल्पना साधी: धरणाचं पाणी ज्याच्या शेताला मिळणार, त्याच्या जास्तीच्या जमिनीतून धरणग्रस्ताला जमीन द्यायची. पुढे १९८६ आणि १९९९मध्ये नवे कायदे आले.

पण कायदा आला म्हणून हिशेब मिटला असं नाही. २०१८मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर, कोयनेचे धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. आजोबांनी घर उतरवलं, नातू अजून जमीन मागतोय!

मला यात एक गोष्ट फार टोचते. सिस्टिम बदलताना आम्ही इंजिनिअर आधी डेटाचा बॅकअप घेतो. इथे अख्खं गाव हलवलं, आणि कोणाचं काय होतं याची नोंद बऱ्याचदा अर्धवट.

म्हणून धरण असो, रस्ता असो, घरच्यांना विचारा: सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे? आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली का? आईचं, आत्याचं नाव लागलंय का? घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ उतारा कुठे आहे? पंचनामा होईल तेव्हा विहीर, गोठा, प्रत्येक झाड लिहून घ्या, फोटो काढा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

कौलं फुटली तर नवी मिळतात. सुटलेल्या नोंदीसाठी मात्र पुढच्या पिढीला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तुमच्या घरात कोणी धरणात गेलेलं गाव पाहिलंय का? त्यांना बोलतं करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला.