‘अवतार’ आणि मोक्षपट : ‘अल्टिमा’ या व्हिडिओ गेममधील महाकाव्यात्म कथनाचा विचार

भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर खाते उघडताना स्वतःसाठी जे लहानसे चित्र निवडले जाते, त्याला चामोर्शीचा महाविद्यालयीन विद्यार्थीही आज ‘अवतार’ म्हणतो. दशावताराशी त्या चित्राचा संबंध काय, असा प्रश्न त्याला पडत नाही. वस्तुतः हा शब्द एका खेळाच्या वाटेने परत आपल्याकडे आलेला आहे. १९८५ साली अमेरिकेतील ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेने ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा खेळ ॲपल २ संगणकासाठी प्रसिद्ध केला. पडद्यावरील खेळाडूच्या प्रतिरूपाला ‘अवतार’ म्हणण्याच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांत त्याची गणना होते. हा शब्द हिंदू धर्मविचारातून घेतल्याचे त्याचे कर्ते रिचर्ड गॅरियट यांनी स्वतःच सांगितले आहे. खेळातील चित्रे आजच्या दृष्टीने अगदीच ओबडधोबड आहेत. तरीही चार दशकांनंतर तो खेळला जातो. त्याच्या या टिकाऊपणाचे कारण त्याच्या कथनपद्धतीत शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

झाडीपट्टीच्या वाचकाला सोंग घेणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. दंडारीत पुरुष स्त्रीचे सोंग घेतात. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचेही लक्ष तिकडे वळले. मात्र या परंपरेत सोंग नट घेतो आणि प्रेक्षक पाहतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल व फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळणारा स्वतःच सोंग घेतो, आणि समोर वेगळा प्रेक्षक असा नसतो. संगणकावरील भूमिका-खेळांची वंशावळ येथून सुरू होते.

गॅरियट यांचा पहिला ‘अल्टिमा’ १९८१ चा. पहिल्या तिन्ही भागांचे कथानक एकाच साच्याचे होते : दुष्ट शक्ती माजली आहे, तिचा वध करा. वाटेत दुकान लुटले, निरपराध गावकऱ्याला मारले, तरी विजय मिळण्यात अडचण येत नसे. १९८३ च्या तिसऱ्या भागानंतर पालकांची नाराजीची पत्रे थेट गॅरियट यांच्या हाती येऊ लागली. नायक म्हणवणारा मनुष्य नायकासारखा वागतो का, हा प्रश्न त्यांतून त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि चौथ्या भागात खलनायकच नाहीसा झाला.

हा बदल लहान नव्हता. चौथ्या भागात खेळाडूने कोणाला मारायचे नसून काही व्हायचे असते. आरंभी एक भटकी भविष्यवेत्ती पत्ते मांडते आणि सात पेच टाकते. प्रत्येक पेचात दोन सद्गुणांपैकी एकच निवडता येतो; न्याय की करुणा, शौर्य की नम्रता. उत्तरांवरून खेळाडूची भूमिका ठरते, फासे टाकून नव्हे. सद्गुण आठ असून ते सत्य, प्रेम व धैर्य या तीन तत्त्वांच्या मिश्रणातून निघतात. नम्रतेत मात्र या तिन्हींपैकी एकही तत्त्व नाही. गॅरियट यांची ही गणिती मांडणी आपल्याकडील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना वादाला पुरेशी आहे. प्रत्येक सद्गुणाच्या देवालयात मंत्र जपून ध्यान करावे लागते आणि अध्यात्माच्या देवालयातील मंत्र ‘ॐ’ हाच आहे.

खेळाचे मर्म मात्र एका दुकानात आहे. तेथे वनौषधी विकणारी स्त्री आंधळी आहे. तिला द्यायची रक्कम खेळाडूनेच मोजायची. कमी पैसे दिले तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, शिक्षा होत नाही. फार पुढे, राजवाड्यातील द्रष्ट्याला आपल्या प्रगतीविषयी विचारल्यावर खेळाडूला कळते की प्रामाणिकपणाचा हिशेब कोठेतरी मांडला जात होता. भिकाऱ्याला दिलेले दान, जखमींसाठी दिलेले रक्त, लढाईतून काढलेला पळ, या सर्वांची नोंद होत असते. कथा खेळाडूपुढे वाचली जात नाही. ती त्याच्या वर्तनातून लिहिली जाते.

मराठी वाचकाला येथे मोक्षपट आठवणे स्वाभाविक आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांकडे देते. आज उपलब्ध असलेले पट मात्र पुष्कळ नंतरचे आहेत. पुण्याचे वा. ल. मंजूळ आणि डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसन यांनी या पटांचा अभ्यास केला आहे. घराघरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे, सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप आणि शेवटी मोक्ष. जिवाचा प्रवास एका कापडावर मांडलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशाच भारतीय पटांवरून मुलांची सापशिडी तयार झाली, आणि पुढे मोक्ष गळून केवळ शंभरावे घर उरले. मोक्षपटात एक अडचण मात्र मुळातच आहे. दयेच्या घरात पोहोचणारा दयाळू असतोच असे नाही. कवड्यांनी त्याला तेथे नेलेले असते. सद्गुणाची नावे शिकविता येतात, निवड करविता येत नाही. प्राक्तन मानणाऱ्या समाजाने प्राक्तनाचा खेळ रचला, असे म्हणून हा विषय संपत नाही. कारण त्याच समाजाने मार्कंडेयाची कथाही जपली आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी त्याच्या नावाचे मंदिर उभे आहे. सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेला हा मुलगा शिवलिंगाला मिठी मारून यमाला परतवतो. पडलेले दान फिरवणारी ही कथा मोक्षपटापेक्षा ‘अल्टिमा’ला अधिक जवळची आहे.

मालिकेचे पुढील दोन भाग इतिहासाच्या अभ्यासकाला याहूनही मोलाचे वाटावेत. १९८८ च्या पाचव्या भागात तेच आठ सद्गुण कायदे बनतात. राजा बेपत्ता आहे आणि त्याच्या जागी आलेला शासक खोटे बोलणाऱ्याची जीभ छाटण्याचा हुकूम काढतो. १९९० च्या सहाव्या भागात तर नायकाच्या पायाखालची जमीनच सरकते. शिंगे-पंख असलेल्या गार्गॉयल जमातीला तो राक्षस समजून मारत आलेला असतो. मग त्यांचा ग्रंथ हाती येतो आणि कळते की त्यांच्या लेखी हा अवतारच खोटा प्रेषित आहे. चौथ्या भागात त्याने गौरवाने मिळविलेला ज्ञानग्रंथ त्यांचा होता. तो नेल्यामुळे त्यांचे जग ढासळू लागले होते. शेवटी वध होत नाही. ग्रंथ दोघांनाही पाहता येईल अशा ठिकाणी, दोन भिंगांच्या साहाय्याने, ठेवला जातो.

गडचिरोली जिल्ह्यात हा प्रसंग परका वाटत नाही. येथील गोंड समाजात रावणाला पूज्य मानणारे लोक आहेत आणि दसऱ्याच्या रावणदहनाला त्यांच्याकडून विरोध होत आला आहे. एकाच महाकाव्याची दुसरी बाजू जगणारी माणसे या जिल्ह्यात शेजारी राहतात. या पार्श्वभूमीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) पाहण्यासारखा आहे. भाऊ गोलूला असुरांनी पळविल्यावर सर्कशीत कसरती करणारी राजी त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी त्याची दृश्ये अत्यंत देखणी आहेत. परंतु त्यातील असुर हे केवळ मारण्यासाठी आहेत. तो भूमिका-खेळ नसून साहसखेळ आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, महाकाव्यांच्या भूमीत घडलेल्या खेळाने असुराला एक वाक्यही बोलू दिले नाही आणि टेक्सासमध्ये वाढलेल्या गॅरियट यांनी गार्गॉयलला अख्खा ग्रंथ दिला.

‘अल्टिमा ४’ गेल्या दशकापासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि साध्यातल्या साध्या संगणकावर चालतो. अडसर आहे तो भाषेचा. त्यातील प्रत्येक पात्राशी संवाद इंग्रजी शब्द टंकून करावा लागतो. नाव, धंदा, प्रकृती असे विचारत जावे तेव्हा कथा पुढे सरकते. चामोर्शीतल्या ज्या विद्यार्थ्याला मार्कंडेयाची कथा तोंडपाठ आहे, त्याला त्या आंधळ्या दुकानदारिणीशी अजून बोलता येत नाही.