मोरयाचा धोंडा आणि सूक्ष्मकणी फिल्म

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून जो खडक प्रसिद्ध आहे, त्यावर गणपति, शिवलिंग, चंद्र व सूर्य यांच्या आकृति कोरलेल्या आहेत. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा विधि २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं येथेंच झाला, अशी परंपरा आहे. या आकृतींस खारा वारा अहर्निश लागतो. म्हणून त्यांचा कांहीं दाखला राखावा, या हेतूनें आम्हीं १९८२ सालीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं.

त्या कामीं कोडॅक कंपनीची पॅनॅटॉमिक-एक्स ही कृष्णधवल फिल्म योजिली होती. ती १९३३ सालीं निघाली व १९८७ सालीं बंद झाली. तिचा वेग अवघा ३२. म्हणजे ४०० वेगाच्या फिल्मेपेक्षां तीस सुमारें बारा पट प्रकाश लागे. याचें कारण असें कीं, तिच्यावरील रौप्यक्षारांचे कण अतिसूक्ष्म होते. कण लहान असला म्हणजे तो प्रकाश थोडा ग्रहण करतो. परंतु चित्र कितीहि मोठें केलें तरी त्यांत कणांची रवाळ लवकर दिसत नाहीं. आम्हीं कॅमेरा तिपाईवर बसवून तिरप्या उन्हाची वाट पाहिली. कारण उथळ कोरीव रेषा सावलीवांचून उमटत नाहींत.

या बंद पडलेल्या फिल्मेविषयीं आमची ममता पाहून तरुण स्नेही हंसतात. आजचा डिजिटल कॅमेरा तितकेंच बारकावे टिपतो, हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु १९८२ सालचा खडक त्यास आतां दिसणें नाहीं. जुन्नरी कागदाचें कौतुक आपण करतों, तें त्यावरील मोडी लेखासाठीं; तद्वतच येथें निगेटिव्ह हेंच अस्सल होय.

हें आम्हांस उशिरां कळलें. एका पावसाळ्यांत ट्रंकेंत राहिलेल्या निगेटिव्हच्या जिलेटिनवर बुरशी चढली आणि चंद्रसूर्यांचा अर्धा भाग कायमचा गेला. कोंकणच्या दमट हवेंत बुरशी ही निगेटिव्हची कसरच आहे.

सबब संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, दप्तरें तपासतांना निगेटिव्ह टाकून देऊं नयेत. प्रत्येक निगेटिव्ह आम्लरहित कागदी पाकिटांत, कोरड्या जागीं ठेवावी. स्थळ, तारीख व उन्हाची दिशा पाकिटावर लिहावी. डिजिटल नक्कल करावी, पण नक्कल झाली म्हणून अस्सल टाकूं नये. फिल्म पुन्हां मिळणार नाहीं, याचें दुःख थोडें. तिच्यावर उमटलेलें जाईल, हें मोठें.