गाडी विकताना फोटोतली नंबरप्लेट झाकावी का?

शिरूर-दौंड भागात जुनी गाडी विकायची म्हटली, की आता आधी फोटो फेसबुक मार्केटप्लेसवर, ओएलएक्सवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला जातो. अशा बऱ्याच फोटोंत नंबरप्लेटवर काळी पट्टी दिसते. खाली पहिला प्रश्न येतो, ‘पासिंग कुठलं?’ कारण इथे शिरूरची एमएच १२, दौंडची एमएच ४२ आणि शेजारच्या अहिल्यानगरची एमएच १६, अशा तिन्ही पासिंगच्या गाड्या विकायला असतात.

फोटोत नंबर झाकलाच पाहिजे असा कायदा नाही आणि झाकणं हा गुन्हाही नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची प्लेट झाकली तर मात्र दंड होतो. म्हणून प्लेटवर कापड टाकून फोटो काढलाच, तर ते नंतर आठवणीने काढावं.

नंबर तसा गुपित नसतो. गाडी दिवसभर तो मिरवतच फिरते. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तर मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते. मालकाच्या नावाची मात्र काहीच अक्षरं दिसतात, बाकीची झाकलेली असतात. केंद्र सरकारने वाहनांची माहिती खासगी कंपन्यांना घाऊक विकण्याचं २०१९ चं धोरण खासगीपणाच्या कारणावरून २०२० मध्ये मागे घेतलं.

मग भीती कशाची? जाहिरातीत नंबरासोबत मॉडेल, रंग, वर्ष, गाव आणि फोन नंबर एकाच जागी मिळतात. दुसऱ्याच्या नंबराची बनावट प्लेट लावणाऱ्याला अगदी तशीच दिसणारी गाडी हवी असते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या ताज हॉटेलजवळ एकाच नंबराच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सापडल्या. खऱ्या मालकाला न केलेल्या प्रवासाची चलनं येत होती. तपासात कळलं, की दुसऱ्याने कर्जवसुलीवाल्यांना चुकवायला आपल्याच नंबरातला एक आकडा बदलला होता. तिथे नंबर जाहिरातीतून उचललेला नव्हता, पण मनस्ताप तोच. एचएसआरपी प्लेटवरचा लेझर क्रमांक नक्कल पकडायला उपयोगी पडतो, पण चलन फाडणारा कॅमेरा फक्त नंबर वाचतो.

दुसरा प्रकार जास्त नेहमीचा आहे. भामटे खऱ्या जाहिरातीतले फोटो उचलतात, ‘लष्करात आहे, बदली झाली’ म्हणून तीच गाडी निम्म्या किमतीत टाकतात आणि टोकन मागतात. नंबर दिसत असेल तर गिऱ्हाईक तो अ‍ॅपवर तपासतं, माहिती जुळते आणि त्याचा विश्वास बसतो. पट्टी मारल्याने फोटोची चोरी थांबत नाही, पण भामट्याच्या हातातला हा पुरावा जातो.

झाकायचं तर नीट झाकावं. फोनमधल्या हायलायटरची रेघ पारदर्शक असते, फोटो उजळ केला की आकडे वर येतात. अपारदर्शक चौकोन टाकावा किंवा तेवढा भाग कापावा. ‘एमएच ४२’ राहू द्यावं आणि शेवटचे आकडे झाकावेत, म्हणजे पासिंगचा प्रश्नही मिटतो. गाडीभोवती फिरवून काढलेल्या व्हिडिओत मागची प्लेट हमखास राहून जाते. आणि चारचाकीच्या काचेवरचा एचएसआरपीचा स्टिकर कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यावर नोंदणी क्रमांकासोबत इंजिन आणि चासी क्रमांकही छापलेले असतात. आरसी किंवा आधारचा फोटो तर जाहिरातीत टाकूच नये.

खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र नंबर मिळालाच पाहिजे. त्याशिवाय विमा, फिटनेस आणि थकलेली चलनं कळत नाहीत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर नंबरासोबत चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात, तेही विचारावेत. कर्ज असेल तर त्याची नोंद आरसीवर असते. फोनवर बोलून, गाडी बघायची वेळ ठरवूनही जो नंबर द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे टोकन देऊ नये. ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करावी.

प्लेट जपून झाकणारे विक्रेते व्यवहार झाल्यावर मात्र फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी देतात आणि विसरतात. हे जास्त महागात पडतं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. शिरूरच्या गाडीसाठी ते कार्यालय पुण्याचं, दौंडच्या गाडीसाठी बारामतीचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केलं, की नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही जणांच्या हातून गेलेली असो. चारचाकीचा फास्टॅगही चावी देण्याआधी बंद करावा, नाहीतर नव्या मालकाचा टोल जुन्याच्या खात्यातून कापला जातो.