कामगंध सापळ्याचे कुळ

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव, घाटंजी, मारेगाव या बाजूला सप्टेंबरात फिरले, की अनेक वावरांत कपाशीच्या शेंड्यांपेक्षा फूटभर उंच काठ्या दिसतात आणि त्यांना टांगलेली प्लॅस्टिकची नरसाळी दिसतात. वर झाकण, खाली लांब पॉलिथिनची पिशवी, पिशवीचे तोंड गाठ मारून बंद केलेले. झाकणाच्या पोटाशी बोटाच्या पेराएवढी रबराची टोपी अडकवलेली असते. तिला कृषी सहायकापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत सगळे ‘ल्यूर’ म्हणतात. ती नाकाशी धरली तर आपल्याला रबराशिवाय कसलाही वास येत नाही. सगळ्या वस्तूला सरकारी मराठीने मात्र फार देखणे नाव दिले आहे : कामगंध सापळा. शेंदरी बोंडअळीचा नर पतंग मादीच्या ओढीने नरसाळ्यात उतरतो आणि पिशवीत अडकतो.

या सापळ्याचा मूळपुरुष शोधायला निघाले, तर तो पुरुष नाही आणि माणूसही नाही. अमेरिका खंडात मॅस्टोफोरा नावाचे कोळी आहेत. त्यांतली वाढ झालेली मादी भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. रात्री ती एका धाग्याच्या टोकाला चिकट थेंब लावते, तो धागा पायात धरून लटकते आणि मादी पतंगासारखा गंध हवेत सोडते. मादी शोधत आलेला नर टप्प्यात आला की थेंब भिरकावते. विल्यम एबरहार्ड या अभ्यासकाने १९७७ मध्ये हा प्रकार प्रसिद्ध केला. त्याला सुगावा लागला तो शिकारीच्या यादीवरून : कोळ्याच्या तावडीत सापडलेले पतंग सगळे नर होते. आपल्या नरसाळ्याच्या पिशवीतही नेमके तेच असते. म्हणजे दुसऱ्याच्या प्रियाराधनात नाक खुपसून पोट भरण्याची विद्या माणसाच्या कितीतरी आधीची आहे.

माणसांपैकी पहिले नाव घ्यावे ते फ्रान्समधल्या झां-आंरी फाब्र या कीटकवेड्या शिक्षकाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका सकाळी त्याच्या घरी एका मोठ्या पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्याने ती तारेच्या जाळीखाली झाकली. त्या रात्री चाळीसेक नर घरात घुसले, अंधारात, झाडीतून वाट काढत. फाब्रने मग मादीभोवती डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास पसरून पाहिला. नर तरीही आले. मादी पक्क्या बंद डबीत ठेवली, तेव्हा एकही आला नाही. बोलावणे हवेतून येते हे स्पष्ट झाले, पण ते काय आहे हे त्याला ठरवता आले नाही. आपल्या नाकाला न येणाऱ्या वासावर विश्वास ठेवणे त्याला जड गेले, आणि त्यात त्याचा दोष नाही.

ते काय आहे, हे कळायला १९५९ उजाडले. आडॉल्फ बुटेनांट हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. माणसाच्या लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९ चे नोबेल त्याला मिळालेले. त्याने रेशीमकिड्याचे पतंग हाताशी धरले, कारण ते हवे तेवढे पाळता येतात. सुमारे वीस वर्षांच्या खटपटीनंतर जवळपास ५ लाख माद्यांच्या शेपटाकडच्या ग्रंथींमधून त्याच्या हाती काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य आले. पाच लाख माद्यांचे सगळे आवाहन चिमूटभरही भरले नसते. त्याच वर्षी अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले.

आता सापळ्यात सापडणाऱ्याचे कुळ. शेंदरी बोंडअळीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती आपल्याच देशातल्या नमुन्यांवरून. १८४२ च्या सुमारास भरूचच्या सरकारी कापूस मळ्यावर अमेरिकी कपाशीची नासाडी करणारे किडे इंग्लंडला पाठवले गेले आणि १८४३ मध्ये सॉन्डर्सने त्यांचे वर्णन छापले. पुढे ही अळी सरकीत बसून जगभर फिरली. थंडीत ती सरकीच्या आत, कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, न खाता महिनोन्‌महिने पडून राहते. प्रवासाला याहून सोयीचे घर कुठले? भारतातून इजिप्त, इजिप्तमधून १९११ च्या सुमारास मेक्सिको, आणि १९१७ मध्ये अमेरिकेतले टेक्सास.

अमेरिकेत गेल्यामुळेच तिच्या गंधावर पैसा खर्च झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये जाहीर केले की गंधद्रव्य सापडले. नावही ठेवले, प्रॉपिल्यूर. रानात ते टांगले आणि पतंगांनी ढुंकूनही पाहिले नाही. मग प्रयोगशाळेतली तयार रसायने एकामागून एक टांगून पाहताना हेक्सल्यूर नावाचे एक हाती लागले. त्यावर थोडे नर येत, पण खऱ्या मादीपुढे ते फिके पडे. अखेर १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटाने गाठ सोडवली. मादीचा गंध एका द्रव्याचा नव्हताच. ती दोन द्रव्ये होती. दोघांत अणू तेच आणि तेवढेच, सोळा कार्बनांची साखळीही तीच, फक्त एका ठिकाणचा वाक वेगळा. दोन्ही साधारण निम्मेनिम्मे मिसळले की नर वेडा होतो. एकटे दिले, तर आपली मादी म्हणून तो ओळखत नाही. या मिश्रणाला गॉसिप्ल्यूर म्हणतात, आणि यवतमाळच्या वावरातल्या रबरी टोपीत आज तेच भरलेले असते.

हे प्रमाणच या सापळ्याची खरी ताकद आहे. प्रत्येक जातीचे मिश्रण निराळे, म्हणून तुरीवरच्या घाटेअळीचा पतंग बोंडअळीच्या ल्यूरकडे फिरकत नाही. मधमाशी येत नाही, ढालकिडा येत नाही, क्रायसोपा येत नाही. त्याच वावरात टांगलेल्या पिवळ्या चिकट सापळ्याला हा विवेक नसतो. त्याच्यावर पांढऱ्या माशीबरोबर कितीतरी मित्रकिडीही चिकटून मरतात.

गंध रिव्हरसाइडचा, पण नरसाळे आपल्याकडचे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे १९८० च्या दशकात हरभरा-तुरीवरच्या घाटेअळीसाठी नरसाळे आणि पॉलिथिनची पिशवी अशी रचना घासूनपुसून तयार झाली. चिकट पुठ्ठ्याचे सापळे धुळीने आणि पतंगांच्या पंखांवरच्या भुकटीने लवकर निकामी होतात; पिशवी कितीही भरली तरी काम करते. तुरीचे नरसाळे मग कपाशीत आले. वऱ्हाडात तूर आणि कपाशी तशाही एकाच वावरात नांदतात.

पण ते आले म्हणजे पत्रकात आले. घरोघर पोचायला मधे बरेच पाणी वाहून जावे लागले. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. मातीतल्या एका जिवाणूचे विष झाडाच्या अंगातच तयार होऊ लागले आणि बोंडअळ्या खरोखर नाहीशा झाल्यासारख्या वाटल्या. सापळा लावायचा कशाला?

बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट येत असे. ते वावराच्या कडेने पेरायचे होते. हेतू असा की बीटीचे विष पचवणारी अळी फार दुर्मीळ असते. तिच्यापासून झालेला पतंग कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगाशी जुळला, तर त्यांची प्रजा बीटीवर मरते. कड नसेल तर वाचलेल्यांची लग्ने वाचलेल्यांशीच लागतात. चार-पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला मात्र ‘एवढ्या ओळी अळीसाठी सोड’ हे सांगणे जड होते, आणि ते समजावून सांगणारेही फारसे कोणी नव्हते. पाकिटे बहुतेक ठिकाणी धुऱ्यावरच राहिली. त्यात पाणी असलेल्यांनी फरदड धरली. डिसेंबरात पऱ्हाटी उपटण्याऐवजी ओलीत देऊन मार्च-एप्रिलपर्यंत वेचा घ्यायचा. शेंदरी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला उपाशी ठेवणारे जे चार-पाच महिने पूर्वी असत, ते फरदडीने भरून काढले. हिरवी बोंडअळी बीटीने हटवलेली, बोंडातली जागा रिकामी, वर बारमाही जेवण. २००९-१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी सापडली. पुढे पाच-सहा वर्षांत तिने दोन्ही जनुके पचवली, आणि २०१७ मध्ये ती विदर्भभर झाली.

त्याच खरिपात, जुलै ते ऑक्टोबरदरम्यान, फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढलेली, पंपातून निघालेला फवारा तोंडावर येणारा, भीतीपोटी दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. ती फवारणी केवळ बोंडअळीसाठी नव्हती, तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडीही होत्या. पण बोंडअळीच्या बाबतीत एक गोष्ट तेव्हाही माहीत होती आणि ती दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नव्हते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते आणि शिरल्याची खूण बुजून जाते. त्यानंतर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ते पोचते ढालकिड्यापर्यंत, कोळ्यांपर्यंत, आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसापर्यंत. फवारायचेच असेल तर पतंग उडू लागल्यापासून अळी आत शिरेपर्यंतचे मोजके दिवस आहेत, आणि ते दिवस कधी आले हे सांगणारी वस्तू हे नरसाळे.

म्हणून माझ्या मते त्याला सापळा म्हणण्यापेक्षा मोजमाप म्हणणे जास्त बरोबर. शिफारस अशी : पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी पाच सापळे, पीक वाढेल तसे वर सरकवत न्यायचे, ल्यूर ठरावीक मुदतीने बदलायचे. सकाळी पिशवी पाहायची. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त नर आले, तर धोक्याची पातळी ओलांडली. जोडीला डोमकळ्या मोजायच्या. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या त्या फुलांत अळी बसलेली असते. त्या तोडून नष्ट करायच्या. ‘सापळा लावला की शेजारचे पतंग आपल्या वावरात येतात’ ही शंका गावोगाव ऐकू येते. येतात ते नर, आणि नर अंडी घालत नाही. पण दुसऱ्या बाजूने, पिशवी भरलेली पाहून ‘एवढे मारले’ असे समाधान मानण्यातही अर्थ नाही. उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो.

वासाच्या आमिषाचा बोलबाला या जिल्ह्यात २०१७ च्या त्या खरिपानंतर वर्षभरात झाला. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, त्या टी-१ वाघिणीला शोधताना वनखात्याने कॅल्विन क्लाइनचे पुरुषांसाठीचे एक अत्तर रानात शिंपडले होते. त्यात जवादी मांजराच्या गंधासारखे द्रव्य असते आणि मोठी मांजरे त्याच्याभोवती रेंगाळतात, असा अनुभव इतरत्र आला होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. अत्तराची बातमी जगभर गाजली. त्याच शिवारातली रबरी टोपी मात्र कोणाच्या बातमीत आली नाही.

सापळ्याच्या कुळात दोन शाखा अजून सांगायच्या राहिल्या. एक ट्रायकोग्रामा. ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिच्या काही जाती पतंगाच्या मादीचा कामगंध हुंगूनच अंड्यांचा माग काढतात, असे प्रयोगांत दिसले आहे. ट्रायकोकार्ड पानाला लावून आपण तिला सोडतो, आणि दुसऱ्याच दिवशी कडक औषध फवारले तर ती तिथेच संपते. दोन्ही एकाच सल्ला-पत्रकात, एकाखाली एक छापलेले मी वाचले आहे.

दुसरी शाखा दोरीची. अमेरिकेत १९७८ मध्येच गॉसिप्ल्यूरची नोंदणी झाली होती ती पकडण्यासाठी नाही, गोंधळ उडवण्यासाठी. रानभर इतका गंध पसरवायचा की नराला खरी मादी सापडूच नये. बीटी कपाशी पेरणे, हंगाम संपताच कपाशी नांगरून टाकणे, वांझ केलेले अब्जावधी पतंग सोडणे आणि हा गंधाचा गोंधळ, असे सगळे एकत्र करून अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या व्यापारी कापूसपट्ट्यातून ही कीड संपल्याचे जाहीर केले. त्या पद्धतीची ‘पीबी नॉट’ नावाची दोरी आता आपल्याकडेही मिळते. तिचे तुकडे झाडांना बांधायचे. एकट्याच्या वावरात बांधून मात्र भागत नाही, कारण शेजारच्या पऱ्हाटीत जोडा जमलेली मादी उडत येते आणि तिला आता नराची गरज नसते. म्हणून तिची प्रात्यक्षिके सलग शिवारावर घेतात. सरकीत लपलेल्या अळ्यांचे पतंग उन्हाळ्यात बाहेर पडतात, म्हणून जिनिंगच्या आवारातही नरसाळी टांगायला सांगतात. आणि शिवारात कोणी एकाने फेब्रुवारीत फरदडीला पाणी सोडले, की बाकीच्यांच्या पिशव्यांतले आकडे पुढच्या जुलैत त्याच्या वाटचे असतात.