हैदराबादचा हुकूम, परभणीची मुलाखत

घाटनांदूर हे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातले रेल्वे स्टेशनाचे गाव. परळीहून लातूर रोडकडे जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या काळातला, हैदराबादच्या सोयीने टाकलेला. रेडिओच्या लहरीही या भागात आधी त्याच दिशेने आल्या. मराठी रेडिओचा इतिहास सांगताना १९२७ ची मुंबई, १९४८ चे नागपूर, १९५३ चे पुणे असे टप्पे मोजले जातात आणि मराठवाडा त्यातून सहज निसटतो. तो निसटू नये, कारण नुसते ऐकणे आणि बोलण्यात भाग घेणे यांतला फरक जितका ठळक इथे दिसतो तितका मुंबई-पुण्याच्या इतिहासात दिसत नाही. या भागात रेडिओ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो आपल्याकडच्या माणसाची मुलाखत त्यावर ऐकू येऊ लागली तेव्हा, असे माझे म्हणणे आहे.

हैदराबादेत १९३३ साली एका खासगी माणसाने छोटे केंद्र काढले. १९३५ मध्ये निजाम सरकारने ते ताब्यात घेतले आणि ते ‘डेक्कन रेडिओ’ झाले. कारभार मुख्यतः उर्दूचा. औरंगाबादेतही संस्थानाचे एक केंद्र होते. पण या यंत्रणेचा स्वभाव वरून खाली सांगण्याचा होता. १९४८ साली रझाकारांचा नेता कासीम रझवी याची भडक भाषणे याच ध्वनिक्षेपकावरून गेली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागतीची घोषणा केली तीही रेडिओवरूनच. एवढ्या मोठ्या उलथापालथीत बीडकडच्या रयतेने रेडिओकडे कान लावले ते आपले पुढे काय होणार हे कळावे म्हणून. आपले काय म्हणणे आहे ते सांगायची सोय तिथे नव्हती. १ एप्रिल १९५० ला ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. औरंगाबादचे केंद्र मात्र टिकले नाही; तिथे आकाशवाणी पुन्हा सुरू व्हायला १९७६ साल उजाडले.

केंद्रे आकाशवाणीकडे आल्यावर काही वर्षांनी पलीकडच्या मुंबई राज्यात एक प्रयोग झाला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा, पंधरा-वीस जणांनी ऐकलेल्यावर बोलायचे, एकाने ते टिपून घ्यायचे आणि टिपण टपालाने केंद्राकडे धाडायचे. गावांनी विचारलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तर मिळायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी याची पाहणी केली. मंडळे होती त्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली होती. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते तिथे फारसा फरक पडला नव्हता. हा पुरावा मला निर्णायक वाटतो. पेटी तीच आणि आवाजही तोच होता. फरक पडला तो गावाने उलट बोलण्याने. बीड जिल्हा या प्रयोगात असणे शक्यच नव्हते, कारण तेव्हा तो हैदराबाद राज्यात होता. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, प्रयोग आटोपल्यावर.

परभणीचे केंद्र १९६८ साली सुरू झाले आणि १३०५ किलोहर्ट्झवर मराठवाड्याची बोली रोजची झाली. १९७२ मध्ये परभणीतच कृषी विद्यापीठ आले, त्याच वर्षी दुष्काळानेही गाठले. रेडिओवरच्या मुलाखतीत शास्त्रज्ञाला विचारायचे प्रश्न आता पुस्तकातले राहिले नाहीत. यावर कोणी म्हणेल, लोकांनी ट्रान्झिस्टर घेतले ते रेडिओ सिलोनवरच्या गाण्यांसाठी, भाषणे कोण ऐकत होते? संच गाण्यासाठी घेतला गेला हे खरेच. पण घरात आलेला संच सकाळ-संध्याकाळ चालू राहायचा, आणि बाजारभाव, पाऊसपाणी, शेतीवरची बातचीत कानावर पडायचीच. रेडिओवरच्या पुस्तक परीक्षणाचेही तेच, तेही असेच कानावर पडायचे. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही, तिथे दहा-पंधरा मिनिटांचे परीक्षण हीच त्या पुस्तकाची एकमेव भेट असू शकते. म्हणून रेडिओवरच्या परीक्षकावर वर्तमानपत्रातल्या परीक्षकापेक्षा मोठी जबाबदारी असते: मत देण्याआधी पुस्तकात काय आहे ते नीट सांगण्याची.

दुसरा आक्षेप जड आहे. आकाशवाणी सरकारची, बोलणारा कोण हे केंद्र ठरवणार, भाषणाची संहिता आधी तपासली जाणार, आणि टोकदार प्रश्न गाळले जाणार. मग ही निजामी रीतच की! हे मी पूर्ण नाकारत नाही. तरी हुकमाला उत्तर अपेक्षित नसते. मुलाखत उत्तरावाचून उभीच राहत नाही. मुलाखत घेणाऱ्याने कितीही सांभाळून विचारले, तरी कपाशीवरच्या किडीबद्दल बोलणारा शेतकरी विहिरीवर, विजेवर, सावकारावर येतोच, आणि ते ऐकणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला कळते की ही अडचण आपल्या एकट्याची नाही. एवढे तरी १९४८ च्या रेडिओने कधी होऊ दिले नव्हते.

या बोलण्याचा इतिहास लिहायला आज साधने थोडी उरली आहेत. फीत महाग, म्हणून ध्वनिमुद्रण पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याची रीत केंद्रांवर होती. संग्रहात जायच्या त्या नामवंतांच्या मुलाखती, शेतकऱ्याची पुसली जायची. पण घराघरांत काही ना काही असेल: केंद्राने पाठवलेली करारपत्रे, हाताने लिहिलेल्या संहिता, घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवलेल्या कॅसेट. कॅसेटची फीत बुरशीने आणि उन्हाळ्याने खराब होते, म्हणून अंबाजोगाई-परळीच्या महाविद्यालयांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी हे काम आत्ताच हाती घ्यावे, आणि सुरुवात घाटनांदूरसारख्या गावांपासून करावी.