दोन रायफली आणि एक निवड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाचा इतिहास यावा, आरंभीच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी याव्यात, गणेशोत्सवाची व नाट्यप्रयोगांची छायाचित्रे यावीत, हे रीतीला धरूनच आहे. त्या मालिकेत शिकारीच्या रायफलींवरचा लेख काहीसा आगंतुक वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि ज्या मुलखात आपण बिऱ्हाड थाटले, त्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाची काही पाने या शस्त्रावाचून नीट लागत नाहीत. शिवाय जुन्या घरांपैकी काहींमध्ये आजोबांची रायफल अद्याप कपाटात आहे आणि तिचे काय करावे, हा प्रश्न नव्या कायद्याने दारात आणून ठेवला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आज जामुल म्हटले की १९६५ साली सुरू झालेला सिमेंटचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. शेजारच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ चा, आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यापूर्वीचा हा सारा प्रदेश धानाच्या शेतांचा व लहान खेड्यांचा. दक्षिणेस दल्ली-राजहऱ्याचे डोंगर, उत्तरेस मैकल पर्वताची रांग, आणि दोन्हींकडे दाट अरण्य. या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध कारखान्यांच्याही आधीचा आहे. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, १९०६ मध्ये दुर्ग जिल्हा वेगळा झाला. आणि १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. दुर्गच्या जंगलात कोणी, कोणत्या महिन्यात, कोणते जनावर मारावे, याचे नियम नागपूरच्या सचिवालयातून निघत असत.

त्या काळी परवाना मिळालेला शिकारी रायफल घेऊ लागला, की त्याच्यापुढे मुख्यत्वे दोन घराणी येत. दोन्ही बोल्टच्या रायफली. दाराला अडसर लावावा तसा पोलादी दांडा पुढे सारून व मुरडून काडतूस नळीच्या तोंडाशी कोंडावयाचे, बार झाल्यावर तोच दांडा मागे ओढून रिकामे पितळ बाहेर फेकावयाचे, ही दोहोंची रीत एकच. भेद होता तो अडसर कोठे अडकतो यात.

पहिले घराणे जेम्स पॅरिस ली याचे. त्याच्या रचनेवरून ब्रिटिश फौजेची ली-एन्फिल्ड रायफल १८९५ मध्ये सिद्ध झाली आणि या शतकाच्या आधीच्या शतकात दोन्ही महायुद्धांत ती हिंदी शिपायाच्या खांद्यावर होती. हिच्या बोल्टचे कान मागच्या बाजूस असतात. त्यामुळे बोल्टचा फेरा आखूड होतो, हात झपाट्याने चालतो, आणि धूळ-चिखलातही ती सहसा रुसत नाही. परंतु बाराचा दाब सोसताना बोल्टचा सगळा दांडा ताण घेतो. म्हणून फार जहाल काडतूस तिला मानवत नाही.

दुसरे घराणे जर्मनीच्या पॉल माउझरचे. १८९८ च्या त्याच्या रायफलीत कान अगदी पुढे, काडतुसाच्या पाठीशीच अडकतात आणि जोडीला तिसरा सुरक्षेचा कान असतो. शिवाय तिची रुंद नखी काडतूस मॅगझिनमधून सुटताच पकडते ती बाहेर फेकीपर्यंत सोडीत नाही. बोल्ट उचलण्यास हात अधिक फिरवावा लागतो, गती थोडी कमी. पण बळकटी व विश्वास अधिक. लंडनच्या रिग्बी कंपनीने याच यंत्रावर शिकारी रायफली बांधल्या. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये मिळालेली २७५ बोअरची प्रसिद्ध रायफल हीच. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने ४३६ माणसे मारली होती. तिचा निःपात केल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्यांना भेट दिली. मौज अशी, की त्या वाघिणीवरचा अखेरचा बार कॉर्बेट यांनी तहसीलदाराकडून ऐन वेळी घेतलेल्या साध्या बंदुकीने काढला होता. उत्तम रायफल पराक्रमानंतर आली. पराक्रम तिच्यामुळे झाला नाही.

येथवरचे वर्णन वाचून कोणासही वाटेल, की निवड सोपी आहे: चपळाई हवी असेल त्याने ली घ्यावी, बळ हवे असेल त्याने माउझर. इंग्लंडातील गृहस्थास ती तशी सोपी होतीही. हिंदुस्थानात मात्र गिऱ्हाईक दुकानात शिरण्यापूर्वीच अर्धी निवड सरकारने केलेली असे.

१८५७ च्या उठावाने राज्यकर्त्यांच्या मनात जी धास्ती बसली, तिचे कायद्यातील रूप म्हणजे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्रकायदा. सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना व काही मोजक्या वर्गांना सूट राहिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल करावा म्हणून ठराव केला, तो या भेदभावामुळेच. पुढे धास्तीने आणखी बारीक रूप घेतले. कोणाकडे बंदूक आहे एवढेच नव्हे, तर तिच्यात कोणते काडतूस बसते, हेही पाहिले जाऊ लागले. फौजेचे ३०३ बोअरचे काडतूस सर्वसामान्य नागरिकास वर्ज्य झाले. कारण छावणीतून चोरलेले काडतूस खाजगी रायफलीत बसता कामा नये. १९०७ च्या सुमारास ४५० बोअरही याच कारणाने बंद झाला आणि इंग्रज कारखानदारांना ४७० सारखे नवे बोअर शोधून काढावे लागले. मोठ्या जनावराच्या शिकारीचे जे बोअर पुढे जगभर नावाजले, त्यांतील काहींचा जन्म असा हिंदुस्थान सरकारच्या संशयातून झाला.

ली घराण्याच्या रायफलीवर यातून मोठी आपत्ती ओढवली. तिचे स्वाभाविक काडतूस ३०३, आणि तेच निषिद्ध. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने तोड काढली. ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर लष्करी रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस ३०३ प्रमाणेच काठाचे होते, आणि लीच्या यंत्रात थोड्या फेरफाराने बसत असे. तेही फौजेचेच, पण परक्या फौजेचे! ब्रिटिश छावणीत ते सापडणार नव्हते, म्हणून सरकारचा आक्षेप नव्हता. हिंदुस्थानात विकलेल्या या रायफलीस ३१५ बोअर हे नाव पडले. म्हणजे शिपायाची रायफल नागरिकास मिळाली, पण तिच्या पोटात शिपायाची गोळी जाणार नाही अशी व्यवस्था करून.

स्वातंत्र्यानंतर ही अवस्था पालटावयास हवी होती, असे कोणासही वाटेल. १९५९ चा नवा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. वंशभेदाचा त्यात अर्थातच मागमूस नव्हता. परंतु लष्करी बोअर नागरिकास निषिद्ध, हे तत्त्व कायम राहिले. बंगालमधील इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने नागरिकांसाठी ३१५ बोअरचीच स्पोर्टिंग रायफल बनविली, तीही लीच्या घडणीची. ज्या ऑस्ट्रियन फौजेसाठी ते काडतूस १८९० च्या सुमारास निघाले ते साम्राज्य १९१८ मध्ये लयास गेले. मात्र त्याचे काडतूस भारतीय गृहस्थाच्या परवान्यावर टिकून राहिले. इशापूरने पुढे ३०-०६ या अमेरिकन बोअरची रायफलही काढली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले आणि इशापूरचा कारखाना त्यांतील एकीकडे गेला.

या चर्चेत ज्याच्यावर रायफल रोखली जात होती त्याचा विसर पडू नये. आपल्याच छत्तीसगडातील कोरिया संस्थानात महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्याची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शेजारच्या सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघांची नोंद आहे. एकेका रायफलीचे गुणदोष रात्र रात्र चर्चिणाऱ्या त्या पिढीने जंगलाचा हिशेब मात्र मांडला नाही. तो मांडला तेव्हा, १९७२ च्या गणनेत, साऱ्या देशात १८२७ वाघ भरले. १९७० मध्येच वाघाच्या शिकारीस बंदी झाली होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या उत्तरेचा कान्हा होता आणि वऱ्हाडचा मेळघाटही. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. आपल्या मंडळाचे वय आणि हा कायदा जवळजवळ समवयस्क आहेत. म्हणून मंडळात वाढलेल्या पिढीने वाघ पाहिला तो जिप्सीतून, मचाणावरून नव्हे. यात तिचे काही गमावले आहे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

आता घरातील कपाटाकडे वळू. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांसही ही मर्यादा लागू आहे. ज्या घरात राखणीची बारा बोअर बंदूक, आजोबांची ३१५ आणि त्यांच्याच हौसेची एखादी माउझर आहे, तेथे एका रायफलीस निरोप द्यावाच लागतो. शिकारी रायफलींमधील निवडीचा जुना प्रश्न असा नव्या वेषात परत आला आहे.

तो सोडविताना यंत्राच्या श्रेष्ठतेचा विचार शेवटी करावा, असे आमचे मत आहे. प्रथम पाहावे प्रयोजन. शिकार संपली. पिकाच्या राखणीसाठी कायद्याने सुचविली आहे ती ठासणीची बंदूक. रायफलीच्या परवान्यास सबळ कारण दाखवावे लागते. दाट वस्तीत घराच्या रक्षणास रायफल अयोग्यच, कारण तिची गोळी भिंतीपलीकडे कोठवर जाईल याचा नेम नाही. उरतो तो चांदमारीचा सराव. त्यासाठी काडतूस सुलभ हवे. ३१५ चे देशात बनते, जुन्या माउझरचे बहुधा परदेशातून आणावे लागते आणि महाग पडते. मग नळीतील आटे शाबूत आहेत की गंजले, परवान्यावरील क्रमांक शस्त्रावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे पाहावे. सर्वांत शेवटी, आपल्यामागे परवाना घेण्यास घरात कोणी इच्छुक व पात्र आहे काय, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. या कसोट्यांवर देखणी माउझर हरते आणि ओबडधोबड ३१५ जिंकते, असेच बहुतेक घरांत घडेल. वारस नसेल तर दोन्हींना निरोप देणे अधिक शहाणपणाचे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करावे. पोटमाळ्यावर ठेवून विसरू नये.

मात्र एक विनंती. रायफल गेली तरी तिचे कागद जाऊ देऊ नका. जुना परवाना, शिकारीच्या ब्लॉकचा पास, काडतुसांच्या खरेदीची पावती, नागपूरच्या शिक्क्याचे एखादे पत्र यांत आपल्या मुलखाचा जो इतिहास आहे तो पुस्तकांत सहसा सापडणार नाही. कोणाला शस्त्र मिळाले, कोणाला नाकारले, कोणते जंगल कोठवर होते, हे त्यावरूनच कळेल. अशा कागदांच्या प्रती मंडळाच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर शताब्दीच्या स्मरणिकेस आमच्याहून अधिकारी लेखक मिळेल आणि त्याच्या हाती अधिक भरीव सामग्री असेल. मंडळाच्या या शुभप्रसंगी एवढीच अपेक्षा व्यक्त करून वाचकांची रजा घेतो.